कथा कोणाच्या डोळ्यांनी पाहायची? निवेदक ठरवण्याची पायरी-पायरीची रीत

गोव्यात मराठीत कथा लिहायला बसणाऱ्याला विषयांची वाण नसते. खाजनाचा (खाडीकाठच्या शेतजमिनीचा) बांध फुटतो, खाण बंद पडते, मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) खटला दोन पिढ्या चालतो, बोटीवर गेलेला मुलगा सहा-सहा महिने दिसत नाही. तरीही पहिल्या पाच-सहा कथा कागदावर उतरल्या की निर्जीव वाटतात. अशा वेळी बहुतेक जण विषय बदलतात किंवा भाषा घासूनपुसून चकचकीत करतात. खरी गडबड बहुधा निवेदकात असते. सांगणारा कुठं उभा आहे, त्याला काय दिसतं आणि त्याला काय ठाऊक नाही, हे लिहिण्याआधी ठरलेलं नसतं. मग तिसऱ्या पानावर तो एका पात्राच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो आणि वाचकाचा त्याच्यावरचा विश्वास उडतो.

खालची रीत दीड ते तीन हजार शब्दांच्या कथेसाठी आहे. कादंबरीत निवेदक बदलायला जागा असते. कथेत तो एकदाच नीट निवडावा लागतो.

लागणारं सामान

- एक वही. डाव्या पानावर कथा, उजवं पान टिपणांसाठी कोरं.
- तांबडी आणि निळी पेन्सिल.
- आवाज रेकॉर्ड करता येईल असा फोन.
- छापील तीन कथांच्या झेरॉक्स: एक ‘मी’ची, एक एकाच पात्राला धरून चालणारी, एक सगळ्यांच्या मनातलं जाणणाऱ्या निवेदकाची. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मराठी कथासंग्रह आहेत. तालुक्याच्या वाचनालयातही काम भागेल.

पायरी १: घटना पाच ओळींत लिहा

यात ना मन, ना वर्णन. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. या लेखात शेवटपर्यंत एकच उदाहरण वापरू:

माशेलचं एक घर. चतुर्थीच्या रात्री जेवणं झाल्यावर मुंबईहून आलेला थोरला भाऊ अनंत कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) विक्रीचे कागद काढतो. आई सही करते. धाकटा दामू सही करतो. दामूची बायको सुमन भांड्यांचं निमित्त करून आत जाते. सकाळी कागद गणपतीच्या चौरंगाखाली सापडतात, सुमनची जागा कोरी.

आता एक सहावी ओळ, कॅमेऱ्याला न दिसणारी: दामूनं गिऱ्हाइकाकडून दोन लाख रुपये विसार (आगाऊ रक्कम) आधीच घेतला आहे आणि तो खर्चही झाला आहे.

बाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार लग्नानंतर साधारणपणे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळे जमीन विकताना नवऱ्याबरोबर बायकोचीही सही लागते. सुमनची कोरी जागा म्हणजे नुसता रुसवा नव्हे, तिच्यामुळे व्यवहारच अडतो. कथा गोव्यात घडते म्हणून कोणाच्या हातात काय आहे ते बदलतं, आणि ते बदललं की निवेदक निवडण्याचं गणितही बदलतं.

पायरी २: बोलणारा आणि पाहणारा वेगळे करा

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेट यांनी १९७२ मध्ये दोन प्रश्न वेगळे केले: कथेत पाहतं कोण, आणि बोलतं कोण? नवा लेखक ‘मी की तो’ एवढाच विचार करतो. पण ‘तो’ वापरूनही कथा पूर्णपणे दामूच्या डोळ्यांतून पाहता येते, आणि ‘मी’ म्हणणारा पन्नाशीचा माणूस दहा वर्षांच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाहू शकतो. वहीच्या उजव्या पानावर दोन ओळी लिहा: *पाहणारा अमुक. बोलणारा अमुक.* कथा संपेपर्यंत हे पान उघडं ठेवा.

पायरी ३: कोणाला काय ठाऊक नाही, त्याचा तक्ता करा

हीच पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्यायला हवा. प्रत्येक पात्रापुढे दोन रकाने आखा, ‘ठाऊक’ आणि ‘ठाऊक नाही’. आपल्या उदाहरणात:

- अनंत: किंमत, गिऱ्हाईक, कागदांतली कलमं ठाऊक. विसाराचं ठाऊक नाही.
- दामू: विसाराचं ठाऊक. ते सुमनला कळलंय हे ठाऊक नाही.
- सुमन: कागदांचं आणि विसाराचं, दोन्ही ठाऊक. आपण सही अडवली तर नवऱ्याचं काय होईल हे ठाऊक नाही.
- आई: काहीतरी शिजतंय हे ठाऊक. काय ते ठाऊक नाही, आणि ती विचारणार नाही.
- दामूचा दहा वर्षांचा मुलगा: बाबांनी कपाटात पाकीट ठेवलेलं पाहिलंय. पाहिलंय त्याचा अर्थ ठाऊक नाही.

आता एकेका ओळीवर बोट ठेवून पाहा, त्यातून कसली कथा निघते. अनंताकडून सांगितली तर ती रहस्यकथा होते: सुमन सही का करत नाही? दामूकडून ती धास्तीची कथा. सुमनकडून निर्णयाची. आईकडून न विचारलेल्या प्रश्नाची. मुलाकडून वाचकाला मुलापेक्षा जास्त कळतं आणि कथेचा सारा ताण त्या फरकात येतो.

निवड करताना तीन कसोट्या लावा. निवेदक त्या खोलीत हजर आहे का? त्याचं काही पणाला लागलंय का? त्याच्या ‘ठाऊक नाही’ रकान्यात कथेच्या शेवटाशी जोडलेली एक तरी गोष्ट आहे का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर तो निवेदक सोडून द्या, कितीही आवडता असला तरी. सगळं ठाऊक असलेला निवेदक गोष्ट लपवायला लागतो आणि वाचकाला ती लपवाछपवी जाणवते. दामूला निवेदक करून विसाराची बातमी शेवटच्या ओळीपर्यंत राखून ठेवणं ही यातली नेहमीची चूक. दामूच्या मनात ती पहिल्या वाक्यापासून असणार. त्याच्या डोक्यात बसलेल्या वाचकाला ती दिसली नाही, तर शेवटी धक्का बसत नाही, फसवल्यासारखं वाटतं. ती बातमी पहिल्याच पानावर देऊन टाका. ‘हे उघडं पडेल का’ हा प्रश्न पुढची पानं ओढून नेईल.

पायरी ४: व्याकरणातला पुरुष ठरवा

मी. मराठीत ‘मी’ पहिल्याच क्रियापदाला आपलं लिंग सांगतो. ‘मी नेवऱ्यांचा डबा भरत होते’ म्हटलं की स्त्री उभी राहिली. नव्या लेखकाच्या हातून पुरुषाची नजर आणि ‘होते’ची क्रियापदं अशी सरमिसळ होते, तीवर लक्ष ठेवा. काही काळ लिंग झाकायचं असेल तर भाषेतच सोय आहे: ‘मी कागद उचलला’, ‘मला दिसलं’, ‘मी जाईन’ यांतून ते कळत नाही. ‘मी गेलो’, ‘मी बसते’ यांतून लगेच कळतं. अर्थात झाकण्याला कारण हवं. नुसती करामत म्हणून केलं तर दुसऱ्या पानावर वाक्यं आखडतात.

आम्ही. गाव किंवा वाडा एका आवाजात बोलतो तेव्हा. ‘आम्ही’मध्ये वाचक बाहेर राहतो आणि ‘आपण’मध्ये आत येतो, ही सोय मराठीला आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे वर येतात आणि उठून गेलेली माणसं तिथं जमतात. अशा जागेची कथा ‘आम्ही’त सांगितली की एकट्याचं दुःख सगळ्यांचं होतं. मात्र आम्हीमधून कोणी एकटा कधी फुटतो, हे ठरवून ठेवा. पंधराशे शब्द निव्वळ ‘आम्ही’ पेलवणं अवघड जातं.

तू. तीनशे शब्दांच्या तुकड्यात चालतो. लांब कथेत तो आरोप केल्यासारखा ऐकू येतो. सुरुवातीला टाळा.

तो/ती, एकाच पात्राला धरून. नव्या लेखकाला मी हाच सुचवीन. यात मराठीकडे एक विलक्षण हत्यार आहे: ‘आपण’. पाहा:

*दादा कागद एकेक करून मांडत होता. दामूनं पंख्याकडे पाहिलं. आपण विसार घेतला ते याला कोणी सांगितलं तर नसेल? सुमननं? पण तिला कुठं ठाऊक आहे.*

इथं ‘त्याच्या मनात विचार आला की’ असं एकदाही म्हटलेलं नाही. ‘आपण’ येताच आपण दामूच्या डोक्यात गेलो, आणि ‘दामूनं’ आलं की बाहेर. अट एकच: ‘आपण’च्या आधीच्या वाक्यात त्या पात्राचं नाव किंवा कृती हवी. दोन पात्रं समोरासमोर बोलत असताना हा ‘आपण’ आणला तर तो ‘आपण सगळे’ असा वाचला जातो आणि गोंधळ होतो.

सर्वज्ञ. *त्या रात्री त्या घरात सहा माणसं जागी होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढे जागे आहोत.* हा आवाज पहिल्याच वाक्यात आपला अधिकार सांगतो, म्हणून त्याला सगळ्यांच्या मनात जायची मुभा मिळते. दोन पानं दामूला धरून चालल्यावर अचानक आईच्या मनात जाणं म्हणजे सर्वज्ञ निवेदन नव्हे, ती घसरण आहे.

पायरी ५: निवेदक कोणत्या काळात उभा आहे?

घटना आणि सांगणं यांत किती अंतर? एक तास, की चाळीस वर्षं? यावरून शब्द बदलतात. गोवा मुक्तीच्या वेळची, डिसेंबर १९६१ ची कथा बाणस्तारीच्या आसपासच्या एका मुलीला धरून लिहिता आहात असं समजा. पोर्तुगीज सैन्यानं माघार घेताना पूल उडवले. तिला मोठा आवाज ऐकू येतो, घरातले दिवा मालवतात, गोठ्यातली गाय दावं ओढते. ‘मुक्ती’ हा शब्द तिच्याकडे अजून नाही. ‘ऑपरेशन विजय’ हे भारतीय सैन्याच्या त्या कारवाईचं नाव तर नाहीच. तोच प्रसंग ती साठीत सांगत असेल तर दोन्ही शब्द येतील, पण मग तो अंधार आणि ती गाय धूसर झालेली असणार.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचंही तसंच. मतपत्रिकेवर फूल म्हणजे गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या निवेदकाला निकाल ठाऊक नाही. त्याच्या आवाजात जिंकल्याचा किंवा हरल्याचा सूर आला तर लेखक मध्ये डोकावला म्हणून समजा.

प्रौढ ‘मी’ बालपण सांगत असेल तर मागून आलेलं शहाणपण तीन वाक्यांत आटपा. ‘आज कळतं की’ हे दर पानावर आलं की मूल जिवंत राहत नाही.

क्रियापदाचं रूपही अंतर सांगतं. ‘आई पहाटे उठे’ आणि ‘आई पहाटे उठायची’ हे दोन वेगळे निवेदक आहेत. पहिला जुन्या पुस्तकी वळणाचा, दुसरा ओसरीवर बसून बोलणारा. एकाच कथेत दोन्ही येऊ देऊ नका. निवेदनात ‘असे’ लिहायचं की ‘असं’, तेही याच वेळी ठरवा.

पायरी ६: निवेदन मराठी, घर कोंकणी

गोव्यातल्या लेखकाची ही खास अडचण. घरात माणसं कोंकणी बोलतात, कथा मराठीत आहे. बाहेरच्या पुस्तकांत यावर तयार उत्तर मिळत नाही.

चालणारी रीत अशी: संवादात दोन ते पाच शब्दांची कोंकणी ठेवा आणि अर्थ कृतीतून द्या. *‘म्हाका नाका,’ म्हणत तिनं पेन परत सरकवलं.* पुण्याच्या वाचकालाही कळतं, तळटीप लागत नाही. लांब संवाद मराठीतच लिहा, पण वाक्याचा ठेका आखूड ठेवा.

सापळा वेगळाच आहे. कामाला येणारी बाई कोंकणी बोलते आणि घरमालक शुद्ध मराठी, असं नकळत लिहिलं जातं. प्रत्यक्षात दोघंही कोंकणीच बोलत असतात. भाषा अशी वाटून दिली की निवेदक वरच्या पायरीवर जाऊन बसतो आणि वाचक ते टिपतो. कोंकणी ठेवायची तर सगळ्यांच्या तोंडी ठेवा.

निवेदनातला एकेक शब्दही पाहणाऱ्याची जागा सांगतो. दामूसाठी ते ‘कुळागर’ आहे. तीस वर्षं मुंबईत राहिलेल्या अनंताच्या मनात ती ‘बाग’ झालेली असू शकते, आणि तेवढ्या एका शब्दावर तो विकायला का निघाला हे कळतं. ‘जनेल’ की ‘खिडकी’, ‘पोदेर’ की ‘पाववाला’ हे असंच ठरतं.

आणि समजावून सांगणं. ‘माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट’ असं सुमन स्वतःशी कधीच म्हणणार नाही. तिच्या नजरेतून लिहिताना ती चिबूड बांधेल, तोरिंगाचा देठ दोरीत अडकवेल, सुपारीचा घोस वाकला म्हणून दामूला स्टुलावर चढवेल. चौकट वाचकाला आपोआप दिसेल. समजावणं फार जरूरीचं असेल तर निवेदक बदला: अनंताच्या मुंबईच्या बायकोला माटोळी नवी आहे, तिनं विचारलेलं खोटं वाटणार नाही.

पायरी ७: चुकीचं सांगणारा निवेदक

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली. निवेदक खोटं बोलतो असं नाही, कथेच्या एकंदर मूल्यांशी त्याचं म्हणणं जुळत नाही. उदाहरण घ्या: सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा हप्ते भरणारा एक ट्रकमालक ‘मी’ म्हणून बोलतोय. तो म्हणतो, धुळीचं सगळे उगाच बोलतात. त्याच परिच्छेदात तो अंगणातली तुळस रोज दोनदा धुतो. वाचकाला कळलं.

अशा किमान तीन खुणा लागतात: पहिली पहिल्या पाचशे शब्दांत, दुसरी मध्यावर, तिसरी शेवटाच्या थोडी आधी. एकच ठेवली तर वाचक ती लेखकाची चूक समजतो. आणि ट्रकमालकाला मूर्ख करू नका. त्याच्या हप्त्यांची काळजी खरी असायला हवी, नाहीतर त्याच्या आंधळेपणाचं वाईट वाटत नाही.

पायरी ८: घसरणीच्या जागा

*येणं-जाणं.* ‘दादा स्वयंपाकघरात आला’ लिहिलंत तर निवेदक स्वयंपाकघरात आहे. ‘गेला’ लिहिलंत तर ओसरीवर. सुमन आत असताना ‘गेला’ आलं की नजर तुटली. इथं-तिथं, उद्या-दुसऱ्या दिवशी, हा-तो यांचंही असंच.

*मानाचं रूप.* थोरल्या दिराबद्दल सुमन ‘दादा आले’ म्हणेल, दामू ‘दादा आला’. सुमनच्या नजरेतल्या परिच्छेदात ‘आला’ शिरलं की तिथं दामू किंवा लेखक बोलतोय. उलट, शेवटच्या पानावर सुमन पहिल्यांदा मनात ‘आला’ म्हणाली, तर एका अक्षरात नातं बदललं. हे ठरवून करा.

*दुसऱ्याच्या मनातलं.* सुमनला धरून चालताना ‘आईला वाईट वाटलं’ लिहिता येत नाही. ‘आईला वाईट वाटलं असावं’, ‘आईनं पदर तोंडाशी नेला’ किंवा कानावर आलेलं असेल तर ‘म्हणे’: *दादांनी म्हणे मुंबईतच कागद करून घेतले होते.* या ‘म्हणे’मध्ये बातमीही आली आणि तिच्यावरचा संशयही.

*पुढचं आधी सांगणं.* ‘तिला ठाऊक नव्हतं, की सकाळी...’ सर्वज्ञ निवेदकाला हे शोभतं, बाकीच्यांना नाही.

*आरसा.* निवेदकाचा चेहरा सांगण्यासाठी त्याला आरशापुढे उभं करू नका. दुसऱ्या पात्रानं चष्म्यावर किंवा पिकल्या केसांवर एक वाक्य बोललं की पुरे.

*चाळणीची क्रियापदं.* ‘तिनं पाहिलं की कागद उडाले’ याऐवजी ‘कागद उडाले’. पाहणारी तीच आहे हे ठरलेलं असताना ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘जाणवलं’ यांतली बहुतेक काढता येतात.

पायरी ९: एकच प्रसंग तीनदा लिहा

कागद काढण्यापासून सुमन आत जाईपर्यंतचा प्रसंग, प्रत्येकी तीनशे शब्दांत, तीन निवेदकांकडून लिहा. मागचं न पाहता लिहायचं. मुलाकडून तो असा सुरू होऊ शकतो:

*काकानं कागदांवर पाण्याचा तांब्या ठेवला, उडू नयेत म्हणून. आईनं तो तांब्या उचलला आणि आत नेला. कागद उडाले. सगळे त्यांच्या मागे धावले, आई सोडून.*

मुलाला अर्थ ठाऊक नाही म्हणून त्यानं कृती नेमकी टिपली. सुमनच्या ‘मी’मध्ये हा तांब्या बहुधा आलाच नसता. तिच्या लेखी ती नुसतं भांडं उचलत होती. तीन मसुद्यांपैकी ज्यात तुम्हाला आधी न सुचलेली एखादी वस्तू वर आली, तो पुढे न्या. वाक्यं गोड जमली म्हणून निवड करू नका.

पायरी १०: तपासणी

मसुदा दोन दिवस बाजूला ठेवा. मग निळ्या पेन्सिलीनं मनातलं अधोरेखित करा आणि तांबडीनं डोळ्या-कानांनी टिपलेलं. निळ्या रेघा एकाच पात्राच्या असायला हव्यात. दुसऱ्याची एक जरी निघाली तरी ते वाक्य कृतीत बदला. सलग दहा ओळी निळ्या असतील तर निवेदक खोलीतून निघून गेलाय, त्याला हाताशी काहीतरी काम द्या.

नंतर कथा फोनवर रेकॉर्ड करून ऐका. डोळ्याला न दिसलेली ‘आला-गेला’ची चूक कानाला खटकते.

शेवटी दोन वाचकांना द्या, एक गोव्यातला, एक बाहेरचा. कथा आवडली का ते विचारू नका. तीनच प्रश्न विचारा: कोण सांगतंय? तो कुठं उभा आहे? त्याला काय ठाऊक नाही? पहिल्या दोहोंत गडबड निघाली तर पायरी ८ च्या यादीवरून पुन्हा हात फिरवा. तिसऱ्याला दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर पायरी ३ चा तक्ता परत उघडा, आणि तो नीट होईपर्यंत वाक्यांना हात लावू नका.